साडेबारा टक्के

भात सोडला, त्याला चैत्रात वर्ष झालं.
कारखानीस बाईंनी रिपोर्टवर लाल गोल काढला,
म्हणाल्या, मढवी, तीन महिन्यांची सरासरी नऊ पूर्णांक चार.
शाळेत कधी कुणी माझे मार्क
इतक्या काळजीनं वाचले नव्हते.

घरी सांगितलं तेव्हा बामी उकड मळत होती.
हात थांबला नाही तिचा. म्हणाली,
"भात नय, भाकरी नय, मंग जेवान कसला?
वास घेऊन उठशील?"

आमचं सगळं तांदळाचं.
पाहुणा आला की तांदूळ, हळदीला तांदूळ,
मेलेल्याच्या नावानं कावळ्याला घालायचा तोही तांदूळ.
बाबा बांधावर उभा राहून
लोंबीतला दाणा दातांत दाबायचा,
आत दूध आहे की पीठ धरलं, ते बघायला.
त्या बांधावर आता गाड्या लागतात, तिरप्या, पांढऱ्या पट्ट्यांत.
जमीन गेली तेव्हा तो महिनाभर नीट जेवला नाही.
आणि मी, पुढ्यातला भात
आपल्या हातानं बाजूला सारणारा पहिला मढवी.

पहिला आठवडा वाईट गेला.
डोकं ठणकायचं, पोटऱ्यांत गोळे,
रात्री दोन वाजता डबा उघडून
कोलमचा नुसता वास घेतला, चोरासारखा.
मग मिठाचं पाणी, लिंबू.
मग खोबऱ्याच्या वाटणातला बांगडा, शेवग्याचा पाला,
अंडी, आणि तूप,
जे बाबा सणाला बोटावर द्यायचा
ते आता चमच्यानं, लाज वाटेल इतकं.
दिवाळ्याच्या बाजारात निराबाय म्हणते,
"रोज रोज म्हावरा नेतंस, मांजरी पालल्यास का काय?"

पूर्वी अकराला हात थरथरायचे,
पाय आपोआप वडापावच्या गाडीकडे.
आता दुपार टळून जाते
आणि बामीला हाक मारावी लागते, अहो, जेवायचं आहे.

पहाटे पारसिकची चढण.
पहिल्या दिवशी दुसऱ्या वळणावर मटकन बसलो,
कुणाच्या तरी लॅब्राडोरनं येऊन तोंड हुंगलं.
आता त्या वळणावर तो बसतो,
मी त्याच्यासाठी थांबतो.

पण खरा हिशोब मंडळाच्या मैदानात.
गेल्या साली पोरांनी चढाईला पाठवलं,
अकराव्या सेकंदाला दम तुटला;
रेषा समोर होती, श्वास नव्हता.
परवा एकवीस.
गुण मिळाला नाही. पकड झाली, गुडघा सोलला,
चार पोरं अंगावर,
आणि त्या ढिगाखालून माझं कबड्डी, कबड्डी चालूच.
पंचांनी हसून शिट्टी वाजवली.

बाईंनी गोळी अर्धी केली. हुरळू नका म्हणाल्या, तपासत राहा.

सर्वपित्रीला गच्चीवर पान मांडलं.
भात, वडे, खीर, सगळं बाबाच्या आवडीचं.
शेजारी कठड्यावर माझी उकडलेली दोन अंडी,
विसरून ठेवलेली.
कावळा आला. भाताकडे बघितलं.
मान वाकडी केली,
आणि एक अंडं उचलून पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला.
बामी पदर तोंडाला लावून हसत सुटली,
"सासऱ्यानं पन पथ्य धरलान!"

खाली आल्यावर तिनं भाताची मूद घेतली,
सुरीनं आठ तुकडे केले, केक कापावा तसे,
एक माझ्या ताटात ठेवला.
"घे. तुझा साडेबारा टक्के.
तुझ्या बापासला फाइली घेऊन हिंडायला लागला,
तुला मी बसल्या जागी दिला."

मी एकेक शीत चावलं.
दाढेखाली दाबून थांबलो,
आत काय आहे ते बघायला.

मग चपला घातल्या.
बोट टोचायला दोन तास होते.
तेवढ्यात टेकडी होते.